दोन थापा

मित्रांनो, मी कचरा दाबणारी एक जुनी गाडी आहे. नाकाला रुमाल लावून ऐकलंत तरी मला वाईट वाटणार नाही, त्याची मला सवय आहे. पण ऐका. आता थोड्याच दिवसांत भंगारवाले येतील, आगीच्या निळ्या जिभेने माझे तुकडे करतील, आणि मग हे सांगायला कुणी उरणार नाही.

कारखान्यात माझा सांगाडा उभा राहिला तेव्हा माझ्या पाठीमागे एक जबडा बसवला. खाली हौद आणि वर जाड पोलादी फळी. बटण दाबलं की फळी खाली यायची, हौदातलं सगळं चिरडायची आणि ओढून माझ्या पोटात कोंबायची. चिरडणं हेच माझं काम. घडवणाऱ्यांनी मला तोंड दिलं, पण त्या तोंडाला डोळे दिले नाहीत. आत काय आलं हे मला चिरडल्यावरच कळायचं.

नवी होते तेव्हा लोक गॅलरीत येऊन बघायचे. मोडकी खुर्ची कडाडकन फुटली, बाहुलीचं डोकं फटकन उडालं, की मुलं टाळ्या पिटायची. मलाही फुशारकी वाटायची. हळूहळू मात्र लक्षात आलं की माणसं माझ्या तोंडात नुसता कचरा टाकत नाहीत, शस्त्रं टाकतात. भाजीच्या देठांत दाढीची पाती असायची. फुटक्या आरशाचे सुरे खरकट्यात दडवलेले असायचे. औषधाच्या सुया पिशवीतून टोकं बाहेर काढून वाट बघत असायच्या. माझ्या मागच्या पायरीवर उभं राहणाऱ्याचे हात कधी कोरडे दिसले नाहीत. एक तर कचऱ्याचं काळं पाणी, नाहीतर रक्त.

त्या पायरीवर ताई उभी राहायची. मला चालवणारा तिचा सख्खा मोठा भाऊ, साऱ्या डेपोचा दादा. ताई अंगापिंडाने अशी भक्कम की भरलेलं पिंप एकटी उचलून हौदात उलटं करायची, आणि दादा तिला हाक मारायचा बारके म्हणून. दोघांचं दिवसभर भांडण चालायचं. तो म्हणायचा, तू पायरीवर चढलीस की गाडीचं पुढचं चाक उचलतं. ती म्हणायची, मग तरी तू सरळ चालवतोस का ते बघू. पण डबा मात्र दोघांचा एकच असायचा.

एकदा कुणीतरी डास मारायच्या फवाऱ्याचा डबा, अर्धा भरलेला, ओल्या कचऱ्यात खोल खुपसून दिला. फळी त्यावर बसली आणि माझ्या जबड्यात स्फोट झाला. पत्र्याचा तुकडा ताईच्या कपाळात घुसला. हौद पेटला. दादाने उडी मारून नुसत्या हातांनी जळता कचरा ओढून काढला, त्यात त्याच्या भुवया गेल्या. डोक्याला पट्टी बांधलेली ताई त्याच्याकडे बघून इतकी हसली की टाके दुखले. तेव्हापासून हौदात असा डबा दिसला की ती फळी फिरण्याआधी हात घालून तो बाहेर काढायची.

आता माझ्या दुखण्याबद्दल सांगते. काळ्या पाण्याने माझं मागचं अंग सडत गेलं. फळी चालवायचा मागचा दांडा आधी अडकायला लागला, मग मोडला. गाडी जागच्या जागी बंद करणारं मागचं लाल बटण गंजून गेलं. दादा यांत्रिकाच्या मागे लागायचा. सुटा भाग मागवलाय, असं यांत्रिक म्हणायचा. उन्हाळा गेला, हिवाळा गेला, सुटा भाग येतच राहिला. फळीचं बटण तेवढं पुढे दादाच्या जवळ चालू होतं. पण दादाला मागचं दिसायचं नाही, कारण गल्ल्या इतक्या अरुंद की बाजूचा आरसा मिटून घ्यावा लागायचा. इंजिनाच्या घरघरीत हाकही ऐकू जायची नाही.

म्हणून दोघांनी एक खूण ठरवली. हौद भरला की ताई माझ्या डाव्या कुशीपाशी यायची आणि उघड्या तळव्याने पत्र्यावर थाप मारायची, ती पत्र्यातून घुमत पुढे दादापर्यंत पोचायची. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे दाब. जो हात माझ्या कुशीवर थाप मारतोय तो हात माझ्या जबड्यात असूच शकत नाही. इतकी साधी आणि इतकी भरवशाची ती खूण होती.

शेवटच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. त्यांचे बाकीचे नेम मला ठाऊक नाहीत, पण कचऱ्याचा नेम कधी चुकायचा नाही. गुडघ्यांना जिना नको म्हणून त्या गॅलरीतून पिशवी सोडायच्या ती थेट माझ्या हौदात. समोरच्या घरातली पोरं वाहवा करायची. ताई खालून म्हणायची, काकू, पिशवी आहे ती, फूल नाही, कुणाच्या तरी डोक्यात पडेल. काकू वरून म्हणायच्या, पडू दे, तुझ्या डोक्यात तेवढं तरी काही शिरेल. दोघीही हसायच्या. वाईट बाई नव्हत्या त्या. ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा द्यायचा असा नवा नियम निघाला, तेव्हा सगळी गल्ली कुरकुरली. काकूंनी मात्र पहिल्याच दिवसापासून दोन पिशव्या केल्या. एक ओली, एक सुकी, दोन्हींना नीट गाठ मारलेली.

तो पहिला दिवस मला विसरता येत नाही.

सकाळी डेपोतच ठिणगी पडली होती. दोघांची आई नुकतीच गेली होती. तिची कापसाची गादी ओलीने कुजली, तिला ढेकूण लागले, म्हणून ताईने ती न विचारता आणून माझ्या हौदात घातली. फळी फिरली तेव्हा दादाने मागे येऊन पाहिलं. गादी फाटून आतला कापूस भसाभस बाहेर येत होता. दादाच्या अंगात जणू वारं शिरलं. सगळ्या डेपोसमोर तो ओरडला, "पुन्हा आईच्या वस्तूला हात लावलास तर हात मोडून ठेवीन तुझा."

असं आपण घरात कितीदा म्हणतो. पण त्या दिवशी ते साऱ्यांनी ऐकलं, आमच्या गल्ल्या झाडणाऱ्या झाडूवाल्यानेही.

वाटेत दोघांनी रोजचं भांडणही केलं नाही. शेवटच्या गल्लीत कुणीतरी दुचाकी आडवी लावली होती, म्हणून दादाने मला रोजच्या जागेच्या अलीकडेच थांबवलं. ताईने पिंपं उलटी केली. इतक्यात तिला खरकट्याखाली फवाऱ्याचा डबा चकाकताना दिसला. तिने खांद्यापर्यंत वाकून हात आत घातला.

आणि माझ्या डाव्या कुशीवर, जिथे तिचा तळवा बसायचा तिथेच, धप्प झालं. पाठोपाठ पुन्हा धप्प. आधी ओली पिशवी, मग सुकी.

दादाने बटण दाबलं.

मित्रांनो, पोलादाला खुर्ची आणि माणूस यांतला फरक कळत नाही. फळी रोजच्यासारखीच उतरली. डबा या वेळी रिकामाच होता, तो चेपला आणि त्यावरचा हातही चेपला. हाडांचा आवाज सुक्या फांदीसारखा येतो. ताई किंचाळली. इंजिनाने ती किंकाळी गिळून टाकली. फळी तिला आत ओढत होती आणि ती दोन्ही पाय माझ्या काठाला रोवून मागे रेटत होती. समोरच्या भाजीवाल्याने धावत जाऊन दादाचं दार बडवलं तेव्हा कुठे फळी उलटी फिरली. ताईच्या मनगटाखाली हात म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

दादाने अंगातला सदरा फाडून तिचा दंड आवळला. "मी दोन थापा ऐकल्या, बारके," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. ताईचे ओठ पांढरे पडले होते. ती पुटपुटली, "मी थाप मारलीच नाही." ती खरं बोलत होती, आणि तोही.

कचरा द्यायला जे कधी जिना उतरले नव्हते, ते सगळे त्या दिवशी खाली उतरले. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात फरशी पुसायचा दांडा. भाजीवाल्याने ताईला रिक्षात घातलं. रिक्षा सुरू होत होती तेवढ्यात झाडूवाला म्हणाला, "सकाळीच बोलला होता हा, हात मोडून ठेवीन म्हणून." ताईने ते ऐकलं. तिने मान वळवून भावाकडे पाहिलं. ती नजर माझ्या फळीपेक्षा जड होती.

मग लोक दादावर तुटून पडले. तो थापांचंच सांगत राहिला, तेव्हा एकजण म्हणाला, "थापा ऐकल्या म्हणे. थापा मारतोय." लोक हसले आणि हसता हसता त्यांनी मारलं. दांड्याने त्याचा जबडा मोडला. तो माझ्या चाकाखाली घुसायला बघत होता, त्याला पाय धरून बाहेर ओढलं. त्याचं डोकं रस्त्यावरून घासत गेलं. माझ्या काचा फोडल्या, दिवे फोडले. तिथे खाली मला एकटीलाच सगळं ठाऊक होतं. दोन्ही पिशव्या माझ्या कुशीवरून घसरून चाकापाशी पडल्या होत्या आणि मारणारे त्याच तुडवत होते. पण मला वाचा नाही. मला फक्त जबडा आहे.

तिसऱ्या मजल्यावरचं दार बंद झालेलं मी पाहिलं.

ताई रुग्णालयात असतानाच सुटा भाग आला. मला नवा दांडा बसला, नवं लाल बटण बसलं. दादा तिला भेटायला गेलाच नाही. जाऊन काय सांगणार, त्याचं तोंड तारांनी बांधलेलं होतं.

जखम भरल्यावर डेपोच्या मुकादमांनी दोघांना बोलावलं. मी तिथेच उभी होते. बाहेर पोलीस थांबला होता. दादा भिंतीकडे तोंड करून एका उपड्या पिंपावर बसला होता. मुकादम ताईला म्हणाले, एवढंच सांग, चूक होती की मुद्दाम केलं. तू मुद्दाम म्हणालीस तर हा आत जाईल. ताईने पदराखालचा आखूड हात घट्ट धरला.  मग हलकेच म्हणाली, "मला माहीत नाही. तेच मला कळत नाहीये."

दादा वळला नाही.

तेवढ्यात फाटकातून काकू आत आल्या. एवढं अंतर चालल्याने त्यांना धाप लागली होती, आणि दोन्ही हातांत गाठ मारलेली एकेक पिशवी होती. त्यांनी कुणाला नमस्कारसुद्धा केला नाही. "त्या थापा माझ्या होत्या," त्या म्हणाल्या. "ओली एक, सुकी एक. मी वरून बघत होते, लोक त्याला मारत होते, आणि मी दार लावून घेतलं. त्या दिवसापासून घास घशाखाली उतरत नाही."

मुकादमांना ते खरं वाटलं नाही. पिशवीचा आवाज आणि हाताचा आवाज कसा एक होईल, असं ते म्हणाले.  काकू चार पावलं मागे सरकल्या आणि जीव खाऊन त्यांनी पिशव्या माझ्या कुशीवर फेकल्या.

धप्प. धप्प.

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दादाचा अंगठा पुढे झाला आणि रिकाम्या हवेत दाबला गेला. त्याला कळायच्या आत. मग कळलं, तसा त्याने तो हात दुसऱ्या हाताने धरून पोटाशी दाबला आणि बांधलेल्या तोंडातून जनावरासारखा आवाज काढला.

ताईने तो अंगठा पाहिला होता.

ती काकूंजवळ गेली. उरलेला डावा हात तिने उचलला आणि काकूंच्या गालावर असा मारला की त्या माझ्या पत्र्यावर आदळल्या.  काकूंनी गालाला हात लावला नाही, की मान वळवली नाही. ताईने दुसऱ्यांदा हात उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि खाली घेतला.

मग ती भावापुढे जाऊन उभी राहिली. "ऊठ, दादा," ती म्हणाली. "गाडीचं दार उघड. मला आता एका हाताने उघडत नाही."

त्याने दार उघडलं. दोघं आत शेजारी शेजारी बसली. इंजिन सुरू केलं नाही. मुकादमांनी बाहेरच्या पोलिसाला परत पाठवलं. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्यात कुणी इतकं जपून बसलं नव्हतं.

मित्रांनो, माझं आता संपत आलं. तुम्ही कचरा वेगळा करता, हे चांगलं करता. पण तेवढ्यावर थांबू नका. काच जाड कागदात गुंडाळा आणि वरती लिहा की आत काच आहे. सुया, पाती, फवाऱ्याचे डबे वेगळे काढून सांगून द्या. आणि गॅलरीतून काही सोडू नका. जिना उतरा. खाली एक माणूस उभा असतो, त्याच्या हातात पिशवी द्या, आणि त्याने हात मागे घेतला की नाही ते बघून मगच घरी जा.