नमस्कार निकालानंतर

आमचा दौलतदादा चढाईला निघाला की सगळा नौपाडा गप्प होई. 'हुतूतूऽऽ' म्हणत, दम धरून तो असा घुमे की बत्तीच्या पिवळ्या उजेडात, उडालेल्या धुळीत, तो चालतोय की तरंगतोय तेच कळत नसे. मला तर झोपेतही तो आवाज ऐकू येई.

कल्याणच्या संघाशी अंतिम सामना तोंडावर आला होता. त्या थंडीत एका संध्याकाळी आमच्याच गल्लीतल्या गोदाकाकूंच्या मुलाचं, परशुरामचं, तलावाकाठी कुणीतरी डोकं फोडलं. पाण्यावरून धुकं वर आलेलं, दिवे नुकते लागलेले. परशुराम म्हणाला, दौलतच होता. आधी सरावात दोघांची जुंपली होती, ती सगळ्यांनी पाहिलेली. पोलीस दादाला घेऊन गेले, मग जामिनावर सोडलं. खटला पुढच्या महिन्यात उभा राहणार होता.

गल्लीला तेवढा धीर कुठला! अर्ध्या गल्लीने निकाल देऊन टाकला, "अंगात ताकद आली की माज येतोच." उरलेल्यांनी दुसरा दिला, "परशुरामच आगाऊ. त्यानेच कळ काढली असणार." म्हणजे डोकं फुटलं त्याचाच दोष! मला दोघांचाही संताप येई. आणि आमच्या घरात? आई भाकरी वाढी, मी पाणी देई, दादा मान खाली घालून जेवी. ते दिवस आम्ही झोपेत चालल्यासारखे काढले.

आमच्या गल्लीची एक रीत होती. अंतिम सामन्याआधी गोदाकाकू खेळाडूंना ओवाळत. ज्याला त्यांनी कुंकू लावलं नाही, तो मैदानात उतरत नसे. तेव्हा दादाचा खेळ संपलाच, असं मी धरून चालले होते.

काकूंना बोलवायला कुणी धजलं नाही, तरी त्या आल्या. तबक घेऊन एकेकाला ओवाळत दादापाशी येऊन थांबल्या. निरांजनाची ज्योत थरथरत होती. कर्णधार गुणाजी पुटपुटला, "काकू, याला राहू दे. बसवतो बाहेर."

"का? माझ्या पोराने याचं नाव घेतलंय, आणि माझा पोरावर विश्वास आहे. पण कोर्टाने अजून काही म्हटलेलं नाही. तोवर हा आपल्या गल्लीचा खेळाडू."

त्यांनी कुंकू लावलं, ओवाळलं. दादा पाया पडायला वाकला, तशा त्या मागे सरल्या.

"नमस्कार निकालानंतर."

सामना कुणी जिंकला ते मला आजही नीट आठवत नाही. धुकं, बत्त्या आणि त्यातून घुमणारा दादाचा आवाज, एवढंच आठवतं.

तलावाकाठाने दादाबरोबर घरी येताना काकूंचे ते मागे सरलेले पाय डोळ्यांसमोरून हलेनात. ज्या बाईचं पोर अंथरुणावर होतं, ती खरं-खोटं कळेपर्यंत थांबायला तयार होती. आणि मी सख्खी बहीण, साधं विचारायलाही घाबरत होते.

"दादा, तू मारलंस का रे त्याला?"

तो थांबला. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं.

"नाही गं," तो म्हणाला, आणि एवढा धिप्पाड माणूस तिथेच रडायला लागला. "इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नाही मला. आईनेसुद्धा नाही."