मोहाचा तुकडा

आयुष्यभर लोकांच्या तोंडचा चवदार घास काढून घेत आलेल्या बाईवर एक दिवस मोहाचा घास निवडायची वेळ आली, ती एका कुत्र्यामुळे.

आबांची सूनबाई इस्पितळात आहारतज्ज्ञ होती. कुणाचं मीठ बंद, कुणाचं लोणी बंद. सांगायची मात्र इतक्या मायेने, की रोगी आधी मान डोलवायचा आणि ताट समोर आल्यावर त्याचे डोळे भरून यायचे. आबांच्या हृदयाने एकदा कुरकुर केली आणि तेही तिच्या हाताखाली आले. तेव्हापासून रोज दुपारी त्यांच्यासाठी स्टीलच्या डब्यात उकडलेली गाजरं ठेवलेली असत. बिनमिठाची, बिनतेलाची, आणि आबांच्या मते बिनकामाची.

मुलगा जहाजावर, सूनबाई कामावर. दिवसभर घरात आबा आणि भोपू, दोघंच. भोपू म्हणजे लांब कानांचा, दाराची घंटा वाजली की सगळी इमारत डोक्यावर घेणारा कुत्रा. आबांचं बोलणं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेणारा घरात तो एकटाच होता.

एकदा फाटक उघडं राहिलं आणि भोपूने इमारतीच्या सेक्रेटरींना, म्हणजे त्यांच्या हातातल्या पिशवीला, अंगणभर पळवलं. सेक्रेटरी पडले नाहीत, पण त्यांचा चष्मा पडला आणि त्याहून जास्त त्यांचा मान पडला. समितीने ठरवलं : महिन्याभरात कुत्रा हाकेला यायला शिकला पाहिजे. नाहीतर त्याच्यासाठी दुसरं घर बघा.

त्या रात्री आबांना जेवण गेलं नाही. तसं ते रोजच जात नसे, पण त्या रात्री कारण वेगळं होतं.

कुत्र्यांना शिकवणारी ट्रेनर आली. कमरेला पिशवी, गळ्यात शिट्टी. ती म्हणाली, "ताई, आधी याला सगळ्यात जास्त काय आवडतं ते शोधा. वास दमदार हवा, तुकडा मटारएवढा, एका घासात गिळता येईल असा मऊ. आणि तो फक्त शिकवतानाच मिळाला पाहिजे. एरवी नाही."

सूनबाईने हे काम इस्पितळातल्यासारखंच मनावर घेतलं. बिस्कीट, उकडलेली कलेजी, कोंबडीचे तुकडे, चीज, सगळं वाट्यांत मांडून भोपूला सोडलं. भोपू बिस्किटाला हुंगून पुढे गेला, कलेजीपाशी रेंगाळला आणि चीजची वाटी चाटून पुसून लख्ख केली.

"चीज!" सूनबाई म्हणाली.

"चीज," आबाही म्हणाले, पण त्यांचा सूर वेगळा होता. त्या वासाने त्यांच्या घशात काहीतरी हललं होतं.

दुपारचा सराव आबांकडे आला. "आबा, तुम्हाला जमेल ना? हाक मारायची, आला की एक तुकडा द्यायचा. बस्स."

"अगं, एवढा तुझा नवरा वाढवला मी, कुत्रा काय घेऊन बसलीस!"

पहिल्या दुपारी आबांनी अगदी सचोटीने काम केलं. एक तुकडा भोपूला, दुसरा भोपूला, तिसरा हातातून निसटला आणि खाली पडायच्या आत तोंडात गेला. आता तोंडात आलेलं अन्न टाकून देणं बरं नव्हे. चौथ्या तुकड्याला निसटायची गरज उरली नाही.

भोपूने झेप घेतली. आबा कडाडले, "सोड! बस खाली!" भोपू बसला. बिचाऱ्याचं तोंड पाहून आबांना वाईट वाटलं. त्यांनी गाजराच्या डब्याचं झाकण वाजवून उघडलं आणि म्हणाले, "ये रे राजा, माझ्या वाटचं तू खा." भोपूने गाजर हुंगलं, विचार केला आणि खाल्लं. मग आणखी मागितलं.

इथून दोघांचं छान जमलं. रोज दुपारी आबा चीजचा डबा उघडायचे आणि भोपू आपणहून दूर जाऊन, तोंड फिरवून बसायचा. आबांचं आटोपलं की झाकण वाजायचं, "माझ्या वाटचं तू खा" अशी हाक यायची आणि भोपू घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून बाणासारखा यायचा. एखाद्या तपस्व्यालाही साधू नये असा संयम त्या कुत्र्याने साधला. आबांनी साधला नाही, पण घरात एकाने साधला तरी पुष्कळ, असं ते मानत.

संध्याकाळी थकून आलेली सूनबाई चीजचा रिकामा डबा बघून खूश व्हायची. फ्रीजमधला एक तुकडा भोपूसमोर धरून बघायची. भोपू तत्काळ बसायचा आणि तोंड फिरवायचा.

"बघितलंत आबा? हावरेपणासुद्धा गेला! आता नको हं बाळा, दुपारी खूप खाल्लंयस," म्हणत ती तुकडा परत फ्रीजमध्ये ठेवायची. चीज आपल्यासाठी नाही, हा भोपूचा समज त्यामुळे अधिकच पक्का व्हायचा.

एक गोष्ट मात्र तिला कळेना. इतकं चीज खाऊन भोपू सडसडीत होत चालला होता आणि गाजरांवर राहणारे आबा भरत होते. तिने वजनकाट्याची बॅटरी बदलली.

परीक्षेचा दिवस उजाडला. अंगणात समितीची मंडळी खुर्च्या टाकून बसली. फाटकापाशी ट्रेनर भोपूला धरून उभी, जिन्यापाशी सूनबाई हातात चीज घेऊन, तिच्यामागे खुर्चीत आबा. दुपारचं जेवण चुकू नये म्हणून सूनबाईने त्यांचा गाजराचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला होता. भोपू सुटला की मधून सेक्रेटरी पिशवी घेऊन चालत जाणार होते.

"भोपू, ये!" सूनबाईने चीज उंच धरलं.

भोपूने पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला चीजचा वास आला, आणि शिकवलेल्या सगळ्या धड्यांना जागून तो तिथेच, फाटकापाशी, बसला. वर तोंडही फिरवलं.

"ये बाळा! चीज!" सूनबाईने अख्खी मूठ उघडली. भोपू आणखी लांब सरकून बसला.

"हाकेला येतो म्हणत होतात ना?" सेक्रेटरी चष्मा सावरत म्हणाले. "आणखी एकदा हाक मारा. मग आम्ही निर्णय देतो."

आबांच्या मांडीवरचा डबा एकाएकी जड झाला. झाकण वाजवलं तर चीज जातं. न वाजवलं तर भोपू जातो. मग त्या लांबलचक दुपारी, समोर कुणी नसताना, चीज खाऊन तरी काय करायचं? त्यांनी सूनबाईच्या पाठीकडे पाहिलं. तिने डोळ्यांना पदर लावला होता.

आबा उठले, झाकण वाजवलं आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ये रे राजा, माझ्या वाटचं तू खा!"

भोपू उधळला. सेक्रेटरींच्या पिशवीला वळसा घालून, सूनबाईच्या चीजला टाळून, तो थेट आबांच्या पायाशी येऊन बसला आणि गाजर मचमच खाऊ लागला.

समितीने टाळ्या वाजवल्या. "गाजर खातो?" सेक्रेटरी विरघळले. "इतका साधा प्राणी! राहू दे त्याला."

ट्रेनर हसू दाबत सूनबाईजवळ आली. "ताई, कुत्रा उत्तम तयार झालाय. पण चीजवर कोण तयार झालंय, तेही बघा."

सूनबाई घरात आली. तिने आधी वजनकाट्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

"किती खाल्लंत?"

"एखाददुसरा तुकडा."

"आबा."

"रोजचा डबा," आबा भोपूच्या कानात सांगितल्यासारखं म्हणाले.

आता बोलणी बसणार म्हणून त्यांनी मान खाली घातली. पण सूनबाईने खुर्चीवर बसून दोन्ही डबे समोर ओढले. "सगळ्यांसमोर हाक मारलीत म्हणून राहिला तो," ती हळूच म्हणाली. "उद्यापासून सकाळी अंगणात चालायचं. दमेपर्यंत नाही, घाम येईपर्यंत. परत आलात की एक तुकडा. मटारएवढा."

"मी काय कुत्रा आहे?"

"छे! त्याला चीज दाखवलं की तो बसतो. तुम्ही निदान उठाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंगणात पाय ओढत चालत होते, बाजूला भोपू. वरच्या खिडकीत सूनबाई आली आणि चीजचा डबा हलवला. आबांची चाल एकदम वाढली.

भोपू वाटेतच बसला आणि त्याने तोंड फिरवलं.