देवमाशाची कमान

"कमान नव्या वस्तीत नेताय, पन मंग मी आत कुठून येऊ?" रंभाबाईने भर बैठकीत विचारलं, आणि तंबाखू मळणारे हात थांबले.

कमान म्हणजे देवमाशाच्या दोन बरगड्या. कुणाच्या तरी आजोबांच्या काळात तो मासा दांडी गावाजवळच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच्या बरगड्या वाडीच्या तोंडाशी समोरासमोर रोवल्या गेल्या. वाडीचं खरं नाव कुणाला आठवायचं नाही. 'हाडांची वाडी' म्हटलं की बोईसरचा टांगेवाला बरोबर आणून सोडायचा. नवरी सासरी निघायची ती या कमानीखालून. पण सासर सोडून माघारी आलेल्या बाईने तिच्याखालून जायचं-यायचं नाही, असा रिवाज होता. दर्यावरच्या होड्यांना ते बाधतं म्हणे.

रंभाबाई दारुड्या नवऱ्याला सोडून आली ती तरुणपणीच. तेव्हापासून माशांची पाटी घेऊन ती कुंपणाच्या फटीतून ये-जा करत होती. बाई खमकी. तारापूरच्या बाजारात तिच्याशी भाव करताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. या रिवाजापुढे मात्र तिने मान तुकवली होती आणि ते तिला रोज सलत होतं. लहानपणी त्या बरगड्यांवर सगळी पोरं चढायची, पण शेंड्याला हात लावायची ती एकटी रंभा. तिच्या मागोमाग चढलेला बळवंत तोंडावर आपटून पुढचा दात घालवून बसला. तोच बळवंत आता वाडीचा पुढारी होता, आणि कितीही गंभीरपणे बोलला तरी त्याच्या तोंडून बारीक शिट्टी वाजायची. ती ऐकून रंभाबाईला दर वेळी हसू फुटायचं.

यंदा वीजघराच्या कामासाठी वाडी उठत होती. नव्या जागी घरं रांगेत, भोवती तारेचं कुंपण आणि आत यायला एकच वाट. त्या वाटेवर कमान रोवायची, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

बळवंतने तिची समजूत काढली. तिच्यासाठी मागच्या बाजूने तार सोडवून देऊ म्हणाला.

"मागची वाट लय झाली," रंभाबाई म्हणाली. "इतक्या वर्सांत मी कुनाची होडी बुडवली? आता एकतर मी तिच्याखालून येनार, नायतर तिला हितंच दर्याला देऊन टाका."

म्हातारे कुरकुरले. बैठक रंभाबाईच्या वाटेचं काहीच न ठरवता उठली.

सकाळी बरगड्या उकरायला बळवंत आणि इतर पुरुष कुदळी घेऊन आले, तेव्हा रंभाबाई बाजाराला निघाली होती. ती कुंपणाकडे वळली नाही. सरळ कमानीपाशी आली. लहानपणी आभाळाला टेकलेली वाटणारी कमान चांगलीच बुटकी निघाली. पाटी डोक्यावर घेऊन जाणं शक्यच नव्हतं. तिने ती उतरवून कमरेवर घेतली आणि कमानीखालून निघून गेली. कुणी अडवलं नाही.

पलीकडे मात्र पंचाईत झाली. भरली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही. ती खाली ठेवून रंभाबाई पाठमोरीच उभी राहिली.

"बळवंता, पाटीला हात लाव."

बळवंतचा मुलगा पहाटेच होडी घेऊन समुद्रावर गेला होता. सगळे बळवंतच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं, कुदळ ठेवली, कमानीखालून आला आणि पाटी उचलून तिच्या चुंबळीवर ठेवली.

"संध्याकाळी लवकर ये," तो म्हणाला. "तिकडं रोवताना तू उभी रहा. पाटीसकट जाता आलं पायजे."

शिट्टी वाजली, पण या वेळी रंभाबाई हसली नाही.