आबांच्या हाताची चाचणी

"हा? एवढासा? तुमच्या कंपनीतला पत्रा संपला की काय?"

आबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकून टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. फोन त्यांच्या लेकीच्या, ली-चूच्या, तळहाताहूनही लहान होता.

"आबा, जपून हं. नमुन्याचा आहे. असे नऊच बनलेत अजून."

"मी कुठं हात लावलाय? बोलायला आणलायस की जिभेखाली ठेवायला?"

ली-चू हसली. एकोणीस वर्षं ती ताओयुआन शहरातल्या एका फोन कंपनीत तपासनीस होती. फोन बाजारात जाण्याआधी त्याच्यातली खोट शोधायची, तिची नोंद करायची आणि बनवणाऱ्यांच्या शिव्या खायच्या, असं तिचं काम. तपासणीच्या यादीत चौदावी चाचणी होती: जवळून, बारीक हालचालीचं चित्रण. कशाचं चित्रण करायचं ते तपासनिसानं ठरवायचं. कुणी मुंग्यांचं करी, कुणी विणकाम करणाऱ्या बायकोचं. ली-चू पहिल्यापासून दाशीच्या जुन्या बाजारातल्या या बोळकांडीएवढ्या दुकानात येई आणि आबांच्या हाताचं करी.

आबा शिक्के कोरत. बँकेत, कचेरीत, फार कशाला पोस्टातलं पार्सल सोडवायला गेलं तरी सहीऐवजी नावाचा शिक्का लागतो, आणि अर्ध्या दाशीची नावं फान आबांनी कोरलेली होती. बोटभर दगडावर उलटी चिनी अक्षरं, तीही हातानं. कंपनीत त्यांच्या हाताची ख्याती होती. "आपल्याकडची सगळ्यात स्थिर वस्तू कोणती? ली-चूच्या वडलांचा हात!" असं नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जाई. इतक्या वर्षांत त्या हाताचं धड चित्र मात्र एकाही फोनला काढता आलं नव्हतं. आधीच्या फोनांत बोटं म्हणजे पेजेत पडलेली शेवई दिसे.

"कोणाचं नाव आहे आज?" तिनं फोन चिमट्यात बसवत विचारलं.

"तुझ्या साहेबाच्या पोराचं. विसरलीस? शुक्रवारी महिन्याचा होतोय."

वू साहेब तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तिचा वरिष्ठ, आणि नवाकोरा बाप. रीतीप्रमाणे शिक्क्यात ठेवायचा पोराच्या नाळेचा सुकलेला तुकडा त्यानं स्वतः डबीत घालून आणून दिला होता. शिक्क्याच्या डोक्याशी खाच करून आबांनी तो आत बंद केला होता. आता खाली नाव कोरायचं राहिलं होतं. जन्मभर पुरणारा शिक्का, त्यामुळे यंत्रावरचा नको, हातचाच हवा, असं वूच्या आईनं बजावलं होतं.

आबांनी दगड लाकडी शिकंज्यात आवळला, दिवा ओढला, कोरणी उचलली. "मधलं अक्षर घेतो. बारा रेघा आहेत. तुझ्या त्या काडेपेटीला झेपतील ना?"

"तुम्ही कोरा हो."

मग दुकानात फक्त दगड कापल्याचा बारीक करकर आवाज राहिला. ली-चूनं सवयीनं फोनच्या पडद्यात पाहिलं आणि ती पाहतच राहिली. कोरणीच्या टोकापुढे उठणारी भुकटी कणाकणानं दिसत होती. आबांच्या अंगठ्यावरचा जुना व्रण, नखातली लाल शाई, बोटावरचा एकुलता एक पांढरा केस, सगळं दिसत होतं. चाळीस वर्षं ती या हाताच्या आसपास वाढली होती, पण इतक्या जवळून तिनं तो कधी पाहिलाच नव्हता. आणि हे सगळं मावलं होतं कशात, तर मुठीत लपेल एवढ्या वस्तूत. तिला भरून आलं. तपासनिसाला हे शोभत नाही, म्हणून तिनं नाक पुसलं आणि वहीत वेळ लिहिली.

सोमवारी कंपनीत तिनं ते चित्रण भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडलं. आधी कुणीतरी चहाचा घोट घेत उभं होतं, कुणी बिस्किटं चघळत होतं. रेघ सुरू झाली आणि सगळे टीव्हीकडे वळले. आबांचं बोट टीव्हीवर माणसाएवढं दिसत होतं, तरी कुठं फुटलं नव्हतं की विरलं नव्हतं.

"आई गं!" वू साहेब पुटपुटला. "हे आपल्या फोननं काढलंय?"

भिंग आणि ते पुढंमागं सरकवणारी मोटर हे क्वानचं काम होतं. ली-चूच्याच वर्षी लागलेला हा गडी आज पहिल्यांदा खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेला.

आणि तेवढ्यात ली-चूला एक थरथर दिसली.

कोरणीचं टोक हवेत असताना हलत होतं. किंचित, पण सारखं. तिनं चित्रण मागं नेलं, परत पाहिलं. शंकाच नको.

"मोटर थरथरतेय," ती म्हणाली.

"काय बोलतेस!" क्वान गर्रकन वळला. "सहा महिने घासलीय ती मोटर मी."

"मग अजून घास. आबांचा हात हलत नाही, क्वान. जगात बाकी काहीही हलेल."

वू साहेबाचा चेहरा उतरला. "ताई, गुरुवारी निर्णय आहे. तुम्ही नापास केलंत तर फोन दोन महिने मागं पडेल."

"पडू दे. खोट ती खोट." आणि तिनं चौदाव्या चाचणीपुढे लाल शाईनं नापास लिहिलं. वर सही ठोकली. सही करताना तिला थोडा गर्वही वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

मंगळवारी दुपारी क्वान तिच्या टेबलापाशी आला. त्याचे डोळे सुजलेले होते. त्यानं तीन फोन उघडून पाहिले होते, मोटर गरम करून, गार करून, उलटी टांगून पाहिली होती.

"सापडली का खोट?" तिनं विचारलं.

"ली-चू, तू जरा ते चित्रण लाव." तिनं लावलं. तो नेहमीसारखा वाद घालायला उसळला नाही. हळूच म्हणाला, "हाताकडे बघू नकोस. कोपऱ्यात शाईची डबी आहे, तिच्याकडे बघ."

तिनं डबीकडे पाहिलं. डबी स्वस्थ होती. शिकंज्याची कड स्वस्थ होती. दिव्याची सावलीही हलत नव्हती. भिंग थरथरलं असतं तर सगळंच थरथरलं असतं. शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी हे शिकवतात. किंबहुना तीच शिकवत असे.

क्वान तिच्या खांद्यावर थोपटून निघून गेला.

ली-चूला एकेक आठवू लागलं. आबा हल्ली अर्धाच कप चहा घेतात. फोटो काढताना हात खिशात घालतात. परवा फोनकडे पाहतानाही हात पाठीशी बांधले होते. दर रविवारी ती जात होती आणि लोकांच्या फोनांतल्या केसाएवढ्या खोटी हुडकणाऱ्या तिच्या डोळ्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

मग तिनं चित्रण एकेक चौकट करून पाहायला घेतलं. एका सेकंदाच्या तीस चौकटी. कोरणी दगडाकडे येते, थरथरत येते. केसभर वर थांबते. आणि मग हात एकदम शांत होतो, अगदी पूर्वीसारखा. त्याच क्षणी टोक दगडाला लागतं, रेघ होते, टोक उचलतं आणि थरथर पुन्हा सुरू होते. दुसऱ्या रेघेलाही तसंच. पाचव्यालाही. आबा थरथर थांबण्याची वाट पाहत होते आणि ती थांबली की तेवढ्यात कोरून घेत होते. नुसत्या डोळ्यांना हे कधीच दिसलं नसतं. तिनं बाराही रेघा पाहिल्या. बारावी दोनदा पाहिली.

तिनं लाल शेरा खोडला आणि खाली लिहिलं: उत्तीर्ण.

"मग थरथर कशाची होती, ताई?" वू साहेबानं सुटल्यासारखा श्वास सोडत विचारलं.

"ज्याचं चित्रण केलं त्याची," ती म्हणाली. "फोनची नाही."

पाचच्या बसनं ती दाशीला गेली.

"मंगळवारची कशी उगवलीस?" आबांनी चष्म्यावरून पाहिलं. "नवऱ्याशी भांडलीस?"

"आबा, हात दाखवा."

"का? हात बघून भविष्य सांगतेस की काय आता?" पण हात खिशातच राहिले.

तिनं फोन त्यांच्यापुढे धरला आणि चित्रण लावलं. आबा आधी कौतुकानं पाहू लागले. मग त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःचा हात काम करताना असा पाहिला नव्हता. त्यांची नजर कायम दगडावर असे.

"बाप रे," ते म्हणाले. "पकडलं की गं यानं मला."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. आधी चहा सांडायला लागला."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला सांगायचं म्हणजे तू शेरा मारणार. तुझा धंदाच तो." मग ते पुन्हा पडद्याकडे वळले. "पण बघ ना, कसा थांबतो! ती थरथर येते आणि जाते, चू. गेली की मधे थोडी जागा सापडते. तेवढ्यात उरकायचं. मला वाटायचं, माझ्या मनाचे खेळ आहेत. खरंच थांबतो की गं तो."

त्यांच्या आवाजात लहान मुलासारखं नवल होतं. ली-चूला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

आबांनी हात खिशातून काढले आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवले. उजवा हलत होता. "आता खरं सांग. लेक म्हणून नको, कंपनीतली बाई म्हणून. पास की नापास?"

एकोणीस वर्षांत या प्रश्नाला ती कधी अडखळली नव्हती. आता बस करा आबा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी विचारलं होतं ते वेगळंच.

"बारातल्या अकरा," ती म्हणाली. "बाराव्या रेघेला हात थांबायच्या आधी टोक लागलं. कडेला टवका उडालाय."

"हं." आबांनी मान हलवली. "मलाही कळलं होतं. म्हटलं, तान्ह्या पोराच्या नावात कोण बघतंय एवढं."

त्यांनी फडक्यात गुंडाळलेला शिक्का काढला. काचेवर घासकागद पसरला, पाण्याचे चार थेंब टाकले आणि दोन्ही हातांनी दगड दाबून गोल गोल घासू लागले. राखाडी पाणी पसरत गेलं. आधी टवक्याची रेघ गेली, मग मधलं अक्षर, मग पोराचं सगळं नाव. त्यांनी दगड पुसला, गालाला लावून सपाट झालाय का ते पाहिलं आणि पुन्हा शिकंज्यात आवळला. मग ब्रशनं उलटं नाव लिहिलं. त्यातल्या दोन रेघा वाकड्या गेल्या, त्या पुसून परत लिहिल्या. शाई वाळेपर्यंत दोघं थांबली.

"शुक्रवारपर्यंत होईल?" ली-चूनं विचारलं.

"वेळ लागेल. तुला बस असेल तर जा."

ती गेली नाही. फोन तिनं पिशवीत टाकला आणि स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली. आबांनी कोरणी उचलली. टोक दगडाच्या केसभर वर येऊन थांबलं, आणि थरथरत राहिलं. बराच वेळ राहिलं. दोघंही थरथर थांबायची वाट पाहत होती.