सगळे मावतील असं भिंग

घानातल्या एल्मिना गावी आमच्या घराच्या अंगणात मागे सरायला जागा नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सगळ्या कुटुंबाचा फोटो काढला, तेव्हा एसी मावशी कडेला कापली गेली. "मला मोजलंच नाही," म्हणून ती जी गेली, ती परत आलीच नाही. तिची थोरली बहीण अराबा मावशी आता चौऱ्याण्णवची आहे. तिचं एकच म्हणणं होतं, या वेळच्या फोटोतून कुणी सुटायला नको.

भाचा फिफी कॅमेऱ्याला लावायची अल्ट्रा-वाइड लेन्स, म्हणजे जवळूनही रुंद दृश्य टिपणारं भिंग, घेऊन आला. सगळ्यांना फोटोत यायचं होतं. मी फोटोत कधी उभा राहत नाही, म्हणून कॅमेरा माझ्या हाती आला. माझा जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेला. लेन्सचं माहितीपत्रक तेवढं दोनदा वाचलं होतं.

सवयीने मी भिंतीला पाठ लावली. सगळे मावले, पण मुंग्यांएवढे.

"मामा, आमचा फोटो काढताय की आभाळाचा?" भाची एक्वा ओरडली.

चार पावलं पुढे गेलो. गंमतच! माणसं मोठी झाली, तरी बाहेर कुणीच गेलं नाही. कडेच्या मान्सा वहिनीचा दंड मात्र भलताच फुगला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून ती म्हणाली, "आधीच काय कमी होतं का हो, भाऊजी?"

आणि मधोमध बसलेली मावशी बाहुलीएवढी! घरातली सगळ्यात मोठी, तीच सगळ्यात लहान. कॅमेरा फिफीच्या हाती द्यावा असं वाटलं. पण कुतूहल गप्प बसू देईना. जवळचं मोठं होतं आणि कडेचं पसरतं. मग माणसं चंद्रकोरीत उभी केली तर? मावशीची खुर्ची पुढे ओढली, मान्साला तिच्या मागे घेतलं, काटकुळ्या फिफीला कडेला धाडलं.

"बरं झालं," फिफी म्हणाला, "फोटोत तरी अंग धरेन."

मी मावशीच्या गुडघ्यांपासून हातभरावर गेलो. इतका जवळ मी कुणाच्याच जात नाही.

"घाबरू नकोस," ती म्हणाली, "मी चावत नाही. दातच कुठे आहेत?"

सगळे हसले, तेवढ्यात मी बटण दाबलं.

चौतीसच्या चौतीस आले. मावशीने पडदा डोळ्यांशी धरला, एकेक चेहरा बोटाने मोजला आणि फोटोच्या तळाशी थांबली.

"ही बोटं कुणाची?"

तिथे माझ्या पायांची बोटं आली होती, चपलांच्या पट्ट्यांसकट.

"माझी. चुकून आली. फिफी कापून टाकेल."

"पुन्हा कापाकापी?" मावशी म्हणाली. "पस्तीस झाले. राहू दे."

मी खाली पाहिलं. डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला होता. फोटोतही तसाच दिसत असणार.