राणीची तिकिटं

चंद्रशेखरांनी हसून रांगेतल्या मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं. दुसऱ्यांदा.

"बाबा, आता तिसऱ्याला सोडलं ना, तर मी सरळ स्टेशनवर जाते," शिल्पा म्हणाली.

"अगं, त्यांना घाई होती."

"आणि तुम्ही चार वर्षं थांबलात, ते?"

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या त्या हॉटेलात दर मे महिन्यातल्या एका रविवारी बेसबॉल कार्डांचं संमेलन भरे. कॉव्हेंट्रीच्या लायब्ररीत नोकरी करणाऱ्या चंद्रशेखर पेंढारकरांनी खेळाडूंच्या सह्या असलेली सत्तावीस कार्डं इथंच मिळवली होती. वेंडल प्रूइटचं मात्र कुणी विकायलाच आणत नसे. दोन हंगामांत तीन सामने जिंकून चौदा हरलेल्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, सही कोण जपून ठेवणार? चंद्रशेखरांना नेमका तोच आवडे. कार्डाच्या पाठीवरचे ते आकडे वाचताना, या माणसाशी आपलं जमलं असतं, असं त्यांना वाटायचं.

त्याच्या अमेरिकेतल्या, ओहायोच्या पत्त्यावर त्यांनी सहा पत्रं पाठवली होती. कार्ड पाठवलं तर सही कराल का, एवढंच विचारलेलं. सोबत स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट. उत्तर एकदाही नाही. आपलं इंग्रजीच चुकलं असणार, असं ठरवून त्यांनी सातवं लिहिलं नाही. आणि आता तोच प्रूइट दहा पावलांवर बसला होता! त्याची मुलगी जेनी इथल्या अमेरिकन हवाई तळावर राहत होती. तिच्याकडे आलेल्या म्हाताऱ्याला संयोजकांनी गाठून आणलं होतं.

पाळी आली. कार्ड खिशातून काढायचं सोडून चंद्रशेखरांनी आधी हात पुढे केला.

"मी पेंढारकर. कॉव्हेंट्रीहून आलो."

प्रूइटचं पेन थांबलं. मान वर झाली. मग तो टेबलाला धरून उठून उभाच राहिला.

"कॉव्हेंट्रीचे पेंढारकर? जेनी, धावत ये! राणीची तिकिटं!"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

"तुमच्या पहिल्या पत्राला मी लगेच उत्तर टाकलं," तो म्हणाला. "पोस्टमननं परत आणून दिलं. तिकिटावरच्या तुमच्या राणीला ओहायोत कोण विचारतो! परदेशातून उत्तर हवं तर पोस्टाचं इंटरनॅशनल कूपन लागतं. मग पुन्हा आलं पाकीट, पुन्हा राणी. वाटलं, हा भला माणूस तिकिटं भेटच पाठवतोय."

चंद्रशेखरांचे कान तापले. लायब्ररीत लोक त्यांना पासपोर्टचे फॉर्म कसे भरायचे ते विचारायला येत.

"बाबा! सहा वेळा?"

"दर वेळी जास्तीचं लावलं होतं गं," ते पुटपुटले.

प्रूइट इतका हसला की त्याला बसावं लागलं.

"माझ्या नातीनं तिकिटांच्या अल्बममधलं एक अख्खं पान तुमच्या नावावर केलंय. तुम्ही कुणीतरी मोठे आहात, अशी तिची खात्री आहे. तिच्यासाठी इथं सही करा."

कोरा कागद समोर आला, वर त्याचंच पेन.

"मी?"

"मराठीतून करा ना बाबा. तुमची सही किती छान असते."

चंद्रशेखरांनी तळहात पँटला पुसला. चेकवर नाही, रजेच्या अर्जावर नाही, तर कुणाच्या अल्बमसाठी. अशी सही त्यांनी जन्मात केली नव्हती. 'च' जरा वाकडा आला. 'पेंढारकर' मात्र झोकात आलं. खाली त्यांनी तारीखही घातली. मागे रांगेत कुणीतरी मान उंचावून विचारत होतं, "हे कोण आहेत?"

प्रूइटनं कागदावर फुंकर घातली, दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं, आणि रांग पुढे सरकली.

प्लॅटफॉर्मवर येईपर्यंत चंद्रशेखर बोलतच होते. एरवी आठवड्यात बोलत नसतील इतकं.

"बरं, दाखवा ना आता," शिल्पानं हात पुढे केला. "कार्ड."

त्यांचा हात आतल्या खिशातल्या बिनसहीच्या कार्डावर गेला आणि तिथंच राहिला.

"ओ माय गॉड, बाबा. चला, टॅक्सी केली तर अजून—"

गाडी येत होती. चंद्रशेखरांनी कोटाचं बटण लावलं.

"शिल्पा," ते म्हणाले, "उद्या पोस्ट किती वाजता उघडतं गं?"