घाट चढलेला पाणबुड्या

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी टाकी आहे. एक माणूस आत झोपू शकेल आणि दुसरा शेजारी बसू शकेल एवढी, काचेच्या दोन गोल खिडक्यांची. बंदराजवळच्या दवाखान्यात माझे आयुष्य गेले. माझ्या आत हवेचा दाब वाढवता येतो. खोल पाण्यातून घाईने वर आलेली माणसे त्या दाबाने बरी होतात.

मी नवी होते तेव्हा लोक मला बघायला यायचे. पुढे अपघात कमी झाले आणि माझ्यावर रिकामी खोकी साठली. मला चालवणारे मास्तर तेवढे माझ्या दाराचे रबर न चुकता पुसत. "मास्तर, लग्नच लावा तिच्याशी!" असे म्हणून सगळे हसत.

एका संध्याकाळी एका पाणबुड्याला त्याच्या बायकोने आणले. दुपारपर्यंत तो समुद्राच्या तळाशी तुटलेली साखळी जोडत होता. वर येतो तोच लेक बाळंत झाल्याचा निरोप आला. गाडी काढून दोघे घाटापलीकडे लेकीकडे निघाले. घाटमाथ्यावर त्याचा खांदा ठणकू लागला आणि पाहता पाहता पाय बधिर झाले. बायकोने तिथूनच गाडी वळवली.

"पाण्यातून निघून थेट घाट चढलात?" मास्तर खोकी भराभर खाली ढकलत म्हणाले.

"नात झाली हो. दम निघेना."

"यांना झालंय काय?" बायकोने विचारले.

"सोड्याची बाटली एकदम उघडली की फसफसते ना, तसं. खोल पाण्यात हवेतला नायट्रोजन अंगात विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला हवा. घाटावर हवेचा दाब आणखी कमी, म्हणून त्याचे अंगातच बुडबुडे झाले. टाकीत दाब वाढवला की ते पुन्हा विरघळतील."

परिचारिका त्याच्यासोबत आत बसली. त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला, दार बंद झाले, दाब चढला. बायको खिडकीला नाक लावून उभी होती.

तास गेला. पाय हलेना.

"आणखी वाढवा ना दाब!"

"ताई, घाईनंच हे झालंय. थांबा."

दुसऱ्या तासाला त्याच्या पायाचा अंगठा हलला. बायको रडू लागली. मग मास्तरांनी अगदी सावकाश दाब उतरवला. पाणबुड्या लंगडत बाहेर आला, तोच लेकीचा फोन वाजला.

"बाबा, कुठवर आलात?"

"येतो गं. घाट चढायला थोडे दिवस थांबावं लागेल."

मित्रांनो, शरीराला आपली घाई कळत नाही. त्याला त्याचा वेळ द्या. आणि माझ्यासारखी वस्तू वर्षानुवर्षे लागली नाही, तरी तिच्यावर खोकी रचू नका.